इन्स्पेक्टरांची शेवटची सेटिंग

गाडी क्लबला देऊन टाकावी, असं आईने जेवताना सांगितलं आणि दोन्ही मुलांनी लगेच होकार दिला. कोणी एकाने जरी घास हातात धरून ‘का?’ एवढं विचारलं असतं, तरी पुढचं काही घडलं नसतं. पण वडील गेल्यापासून त्या घरात एकमेकांना ‘का’ विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं. विचारलं की समोरच्याचे डोळे भरून येत, मग विचारणाऱ्याचे येत, आणि ताटातलं निवून जाई.

गाडी म्हणजे खरी गाडी नव्हे. रिमोटवर चालणारी, हातभर लांब, जाड रबरी चाकांची. दगडधोंड्यांवरून मुंगीच्या चालीने चढण्यासाठी केलेली. तिला क्रॉलर म्हणतात. वेगाशी तिचा काही संबंध नसतो. दगडावर चढायचं आणि उलटायचं नाही, एवढंच तिचं काम. वडील लिफ्ट इन्स्पेक्टर होते. सगळी नोकरी त्यांनी इमारतींच्या गच्च्यांवर जाऊन लिफ्टचे दोर तपासण्यात आणि ही लिफ्ट वर जाण्यास योग्य आहे, अशा अर्थाच्या कागदांवर सह्या करण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली आणि असल्या गाड्या खडकांवर चढवणाऱ्यांच्या क्लबात जाऊ लागले. वर जाण्यास ती कधीच पुरती योग्य ठरली नाही.

दोष शॉकमध्ये होता, असं क्लबातल्या सगळ्यांचं मत होतं. अशा गाडीच्या प्रत्येक चाकापाशी बोटाएवढी एक नळी असते. नळीत तेल, तेलात वरखाली होणारी दांडी, आणि बाहेरून स्प्रिंग. स्प्रिंग चाकाला ढकलते, तेल त्या ढकलण्याला आवर घालतं. कोणत्या चाकाला स्प्रिंग मऊ घालायची, कोणत्याला कडक, तेल पातळ घ्यायचं की दाट, गाडी उंच ठेवायची की बसकी, यावर ती माणसं चहा गार होईपर्यंत बोलत. वडील सगळ्यांचं ऐकून घेत आणि घरी येऊन स्वतःचंच करत. चारही शॉक अगदी सारखे हवेत, हे त्यांचं म्हणणं. लिफ्टच्या सगळ्या दोरांवर ताण सारखा नसेल तर लिफ्ट बंद ठेवायची, हा नियम त्यांनी नोकरीत कुणाच्याही दबावाखाली मोडला नव्हता. खेळण्यासाठी तो मोडावा असं त्यांना वाटत नव्हतं. चार स्प्रिंगा ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दाबून जुळवत. चार नळ्यांत तेल थेंबाथेंबाने सारखं भरत. मग गाडी टेबलावर मान वर करून ताठ उभी राही, आणि फार देखणी दिसे. खडकावर गेली की पुढची चाकं हवेत उचलून दर वेळी त्याच एका कुशीवर पडे. वडील तिला उचलत, चाकांतली माती फुंकत आणि शांतपणे म्हणत, “अजून सारखे झालेले नाहीत.”

आईने गाडी द्यायचं काढलं ते लेकीसाठी. लेक पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम करी. वडील गेल्यावर ती आईजवळ राहायला आली होती आणि वडिलांच्या खोलीत, त्यांच्याच टेबलावर कागद पसरून बसे. समोरच्या फळीवर गाडी. वाचता वाचता ती मान वर करी आणि मग बराच वेळ पान उलटल्याचा आवाज येत नसे. आईला वाटलं, पोरीला बघवत नाही.

लेकीने होकार दिला तो आईसाठी. आईचं शिवणाचं दुकान होतं. दुकान उघडायला जाण्याआधी ती रोज कपड्याच्या मऊ ब्रशने गाडीवरची धूळ झटके, आणि झटकताना एकदाही गाडीकडे बघत नसे. लेकीला वाटलं, आईला ती डोळ्यांसमोर नको आहे.

मुलगा दातांचा डॉक्टर होता आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. त्याने होकार दिला, कारण आई आणि बहीण कुठल्याही गोष्टीवर एकमताने बोलताहेत, हेच फार दिवसांनी घडत होतं. त्यात आपण खोडा घालू नये, असं त्याला वाटलं. घरी परत जाताना मात्र तो वाटेत एका झाडाखाली स्वतःची मोटार थांबवून उगाच बसून राहिला. ज्या घरात आता वडिलांचा चष्माही टेबलावर नव्हता, तिथे ती फळीही रिकामी होणार होती.

थोडक्यात, तिघांनाही गाडी घरात हवी होती आणि तिघांनीही ती देऊन टाकली होती.

क्लबातर्फे पाणसळकाका येऊन गेले. हे वडिलांचे सगळ्यांत जुने स्नेही. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले तरी गवंडी वापरतात तसली छोटी पाणसळ, आत बुडबुडा असलेली ती पट्टी, त्यांच्या खिशात कायम असे. कुणाच्याही घरी गेले की बोलता बोलता ती टेबलावर ठेवत, बुडबुडा कुठे जातो ते बघत आणि काही न बोलता परत खिशात टाकत. त्या घराला मग आठवडाभर आपलं टेबल वाकडं असल्यासारखं वाटत राही. या वेळी मात्र त्यांनी पाणसळ काढली नाही. आईने केलेला चहा घेतला आणि क्लबचा नियम सांगितला. गेलेल्या सदस्याची गाडी क्लबच्या रॅकवर कायमची ठेवतात, पण आधी तिने सगळ्यांसमोर एक खडक चढून दाखवायचा असतो. चालवणारं माणूस घरचं हवं आणि गाडी सदस्याने ठेवली होती तशीच हवी. चढली तर रॅकवर. नाही चढली तर सन्मानाने घरी परत. असा नियम नसता तर रॅकवर नुसतं भंगार साचलं असतं, असं ते म्हणाले, आणि आपण कुठे बसून काय बोललो हे लक्षात येऊन गप्प झाले.

“रविवारी आणतो आम्ही,” आई म्हणाली.

“खडक कुठला ते मी ठरवतो, वहिनी. तुम्ही काळजी करू नका.”

नाही चढली तर घरी परत. हे वाक्य तिघांच्याही मनात रुतून बसलं. कुणाला दुखवायला नको, दिलेला शब्द फिरवायला नको, काही बोलायलाही नको. गाडीने फक्त पडायचं होतं. एरवी ती पडतच असे. पण एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीत गाडीच्या भरवशावर राहणं तिघांपैकी एकालाही पटेना.

पहिला हात लेकीने लावला. आई दुकानात गेल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि आधी वाचलं, कारण कुठलंही काम ती वाचल्याशिवाय करत नसे. शॉकविषयी लोकांनी किती लिहून ठेवलं होतं, याचं तिला आश्चर्य वाटलं. नवख्यांनी कोणत्या चुका टाळाव्यात, याची एक मोठी यादी तिला सापडली. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या त्या बाईने ती अगदी मन लावून वाचली, आणि त्यातली एक करायची ठरवली. पुढच्या शॉकमध्ये फार दाट तेल घालू नये, चाकं सुस्तावतात आणि गाडी निर्जीव वाटते, असं तिथे होतं. ‘निर्जीव’ या शब्दापाशी ती थोडी थांबली.

वडिलांच्या खणात तेलाच्या बाटल्या पातळपासून दाटपर्यंत ओळीने लावलेल्या होत्या. सगळ्यांत शेवटची फोडलेलीही नव्हती. तिने पुढचे दोन शॉक सोडवले, बारीक स्क्रू पेनच्या टोपणात ठेवले आणि झाकणं उघडून आतलं तेल बशीत ओतलं. ते चहासारखं तांबूस झालं होतं. सांडून द्यायला तिचा हात होईना. शेवटी तिने ते डोळ्यांत घालायच्या औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत भरलं आणि बाटली खणात मागे ठेवली. मग मधासारखं दाट तेल नळ्यांत ओतून, दांडी हळूहळू वरखाली करून बुडबुडे निघून जायची वाट बघितली, झाकणं लावली, शॉक जागच्या जागी बसवले आणि वरचं प्लॅस्टिकचं टप चढवलं.

संध्याकाळी आईने विचारलं, हाताला कसला वास येतोय. लेक म्हणाली, छापखान्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आंघोळीला गेल्यावर आईने ब्रश हातात घेतला, पण धूळ झटकली नाही. तिने टप उचलून ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या आत डोकावून बघितलं. तेलाबिलात ती पडणार नव्हती. पण स्प्रिंग हा प्रकार तिला समजत होता. यंत्राच्या पायापासून गिऱ्हाइकाच्या पर्सच्या बटणापर्यंत तिने तो हाताळला होता. ज्याच्यात स्प्रिंग नाही ते उठत नाही, एवढा हिशेब तिला पुरेसा होता. शिवण उसवायच्या हत्याराचं टोक घालून तिने पुढच्या नळ्यांखालच्या चकत्या अलगद सरकवल्या आणि दोन्ही स्प्रिंगा काढून पदराला बांधल्या. गाडी होती तशीच उभी राहिली. काहीच झालं नाही, असं वाटून ती खट्टू होऊन दुकानात गेली. आत किती दाट तेल आहे आणि ते किती सावकाश हार मानतं, हे तिला कुठे ठाऊक होतं? दुपारी येऊन बघते तो गाडीची मान खाली. वर्तमानपत्र वाचता वाचता डुलकी लागावी, तशी.

लेक टेबलाशी बसली होती. तिनेही ते बघितलं होतं, आणि आपलं तेल इतकं गुणकारी असेल याची तिला कल्पना नव्हती.

“ही पुढून बसल्यासारखी वाटते का गं?” आईने विचारलं.

“जुनी झाली आता.”

“हो. वापरात नाही ना.”

दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं आणि चहा ठेवायला दोघीही एकाच वेळी उठल्या.

शनिवारी दुपारी मुलगा बॅटरी चार्ज करायच्या निमित्ताने आला. लेक पोस्टात गेली होती, आई आतल्या खोलीत पडली होती. त्याने आधी हात स्वच्छ धुतले. वाकडे दात तार लावून सरळ करणं हा त्याचा रोजचा उद्योग. त्यामुळे सरळ असलेलं वाकडं कसं करायचं हे त्याला आपोआप येत होतं. सगळीकडे जोर लावायचा नाही. एकाच जागी लावायचा, आणि बाकीच्यांना तो सोसू द्यायचा. गाडीच्या आत त्याने पूर्वी कधी बघितलं नव्हतं, म्हणून पुढे स्प्रिंगा नाहीत याचं त्याला काही वाटलं नाही. बाबांनी तशाच ठेवल्या असतील. मागचा, आपल्याकडे असलेला शॉक त्याने निवडला. तो उजवा होता. वडिलांच्या डबीतली सगळ्यांत कडक स्प्रिंग त्यात घातली, वरची कडी आटे संपेपर्यंत फिरवली, आणि तोंडात घालायच्या छोट्या आरशाने खालून सगळं तपासून घेतलं. गाडी आता पुढून वाकलेली आणि मागून एक कुल्ला उचललेली अशी उभी होती. इतकी केविलवाणी गाडी कुठलाही खडक चढणार नाही, अशी खात्री झाल्यावर त्याने वडिलांच्या खुर्चीवर बसून बॅटरीचा हिरवा दिवा लागायची वाट बघितली.

रविवारी सकाळी तिघं क्लबच्या मैदानावर गेली. बंद पडलेल्या काचकारखान्यामागे मोठमोठे दगड रचून केलेली ती जागा. प्रत्येक दगडाला मंडळींनी नाव दिलेलं होतं. ‘पायरी’ नावाचा एक दगड होता. कुणाचीही गाडी तो चढे, आणि अशा प्रसंगी तोच देतात असा रिवाज होता. पाणसळकाका पायरीवरून पुढे गेले. ‘कासव’ नावाच्या दगडावरूनही पुढे गेले. मैदानाच्या टोकाला एक तिरका, पुरुषभर उंचीचा काळा खडक होता, त्याच्यासमोर ते उभे राहिले. याचं नाव हेडक्लार्क. मधोमध एक अरुंद कंगोरा, तिथे गाडीला चढता चढताच वळावं लागे, आणि तिथूनच सगळ्यांचे अर्ज परत येत. इन्स्पेक्टर दर रविवारी घरी जाण्याआधी एकदा याच्याकडे येत आणि त्याच कंगोऱ्यावरून त्यांची गाडी पडे.

क्लबच्या सेक्रेटरीने घसा साफ केला. हा खडक जरा जास्तच होतोय, असं तो दबक्या आवाजात म्हणाला.

“इन्स्पेक्टरला पायरी द्यायची?” काका म्हणाले. “त्याचा अपमान होईल.”

काकांनी पाठीमागे हात बांधले. त्यांच्या मनात अपमानाचा विचार नव्हता. त्या बिचाऱ्या बाईला घर आवरायची घाई झाली असेल, पण उद्या तिला ही गाडी हवी होईल, आणि तेव्हा रॅकवरून मागून न्यायचा तिला संकोच वाटेल, असं ते रात्रभर मनात घोळवत आले होते. गाडी आज पडली म्हणजे प्रश्न मिटला.

म्हणजे त्या मैदानावर गाडी पडावी अशी इच्छा असलेली आता चार माणसं होती.

रिमोट कोणी घ्यायचा, यावर थोडी ओढाताण झाली. मुलगा म्हणाला त्याचा हात स्थिर असतो, लेक म्हणाली म्हणूनच त्याने घेऊ नये, आणि हे आपण काय बोललो ते तिलाच कळेना. शेवटी आईने हात पुढे केला. तिने आजवर रिमोटला हातही लावला नव्हता, त्यामुळे दोघांनाही ही निवड उत्तम वाटली. रिमोटच्या कडेच्या रबरावर अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता. आईचा अंगठा त्यात पुरा मावला आणि थोडी जागा उरली. ती तशीच क्षणभर उभी राहिली. मंडळींनी माना खाली घातल्या.

इन्स्पेक्टर गाडी जोरात नेत. वेग असला की चढेल, या आशेने. आईला चढायचंच नव्हतं, म्हणून तिने रिमोटच्या खटक्यावर बोट जेमतेम टेकवलं. रेशमी कापडाच्या काठावर यंत्र चालवताना पायाने जेवढा दाब द्यावा, तेवढाच. गाडी नाक जमिनीला घासत खडकाला भिडली. नाकच एवढं खाली होतं की पुढची चाकं उचलली जायचा प्रश्न आला नाही. ती दगडाला चिकटूनच वर सरकू लागली. दगडाच्या खाचेत चाक पडलं की एरवी गाडी टुणकन उसळायची. या वेळी दाट तेलाने तिला उसळू दिलं नाही. ती जड माणसासारखी एकेक खाच विचार करून ओलांडत होती.

कंगोरा आला. लेकीने श्वास रोखला. मुलाने डोळे मिटले. आईने बोट काढून घेतलं, म्हणजे गाडी थांबेल आणि मागे घसरेल. गाडी थांबली, पण घसरली नाही. मग आईने ती कडेला जावी म्हणून रिमोटवरचं चाक वळवलं आणि अगदी थोडा दाब दिला. गाडी नेहमीच्या कुशीवर कलली. मंडळीतल्या कुणीतरी सवयीने ती उचलायला एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात मागची ती एकुलती एक कडक स्प्रिंग आडवी आली. गाडी कलली तिथेच अडली, काही वेळ तशीच राहिली, आणि मग आईच्या त्या थोड्याशा दाबावर हळूच वळून वर चढू लागली. आईने आणखी सावकाश केलं. तेवढ्याने ती आणखी नीट चढली. खडकाच्या माथ्यावर पोचून ती थांबली, कारण पुढे जायला काही उरलंच नव्हतं.

टाळ्या वाजल्या नाहीत. एका वयस्कर सभासदाने रुमाल काढला. घरची तिघं चेहरे पाडून उभी होती, आणि बघणाऱ्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

पाणसळकाका शिडी लावून वर गेले. त्यांनी टप उचललं, वाकून आत बघितलं आणि खिशातली पाणसळ गाडीवर ठेवली. बुडबुडा सरळ टोकाला जाऊन बसला.

“पुढे स्प्रिंगच नाही,” ते म्हणाले. “मागे एकीकडे लोखंड. कशालाच कसला मेळ नाही.” ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. “मी म्हणायचो, गाडी पाणसळीत हवी. तो म्हणायचा, चारही सारखे हवेत. भांडत राहिलो आम्ही. आणि शेवटी त्यानं ना माझं ऐकलं, ना स्वतःचं.”

ते खाली उतरले. इन्स्पेक्टरने शेवटच्या दिवसांत हे शोधून काढलं असणार, आणि दाखवायला यायचं राहून गेलं असणार, असं त्यांनी मंडळींना सांगितलं. सगळ्यांना ते पटलं. मग त्यांनी आईला विचारलं, “वहिनी, कधी बदललं हे? काही बोलला का तो?”

आईला नियम पाठ होता. सदस्याने ठेवली तशीच गाडी हवी. स्प्रिंगा मी काढल्या, एवढं म्हटलं की चढणं बाद, आणि गाडी घरी. तिने तोंड उघडलं. समोर ती सगळी माणसं उभी होती, ज्यांनी दर रविवारी तिच्या नवऱ्याला आडवी पडलेली गाडी उचलून, माती फुंकत परत येताना बघितलं होतं. आता ती सगळी माणसं वर बघत होती. एवढ्या आदराने त्या गाडीकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

“बोलले काही नाहीत,” आई म्हणाली.

ते शब्दशः खरं होतं. लेकीने काहीतरी बोलायला श्वास घेतला आणि तो तसाच सोडला. मुलाने बुटाच्या टोकाने एक खडा सारखा केला. सेक्रेटरीने गाडी दोन्ही हातांनी उचलली आणि शेडमध्ये नेऊन रॅकवर सगळ्यांत वरच्या कप्प्यात ठेवली.

बाहेर मुलाच्या गाडीपाशी तिघं आली. कुणी दार उघडेना.

“पुढच्या स्प्रिंगा मी काढल्या होत्या,” आई म्हणाली.

“पुढच्या?” लेक म्हणाली. “पुढचं तेल मी बदललं होतं.”

दोघींनी मुलाकडे बघितलं. तो हातातच असलेल्या किल्ल्या खिशात शोधत होता.

“मागचा एक,” तो म्हणाला. “उजवा.”

मग लेकीच्या लक्षात आलं. “म्हणजे बाबांनी लावलेला असा तिच्यात एकच राहिला होता. मागचा डावा.”

मुलाला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच वेगळं झालं. त्याने तोंड फिरवलं.

“मग दिलीत कशाला?” आईने विचारलं.

“तूच म्हणालीस.”

“मी तुझ्यासाठी म्हटलं. तू बघत बसायचीस तिच्याकडे.”

“बघायला आवडायचं म्हणून बघायचे गं.”

आत जाऊन सांगू या का, असं मुलाने विचारलं. अजून सगळे तिथेच होते; खरं सांगितलं तर गाडी लगेच मिळाली असती. आईने शेडच्या दाराकडे बघितलं.

“नको,” ती म्हणाली. “आज पहिल्यांदा वर गेलेत ते. राहू दे वरच.”

मुलाने दार उघडलं. तेवढ्यात शेडमधून पाणसळकाका येताना दिसले. दोन्ही हातांवर गाडी, तिच्याखाली फडकं, आणि चालणं असं, की हातात तान्हं मूल आहे. गाडीच्या पुढच्या दोन्ही नळ्यांतून दाट तेल सावकाश ओघळत होतं. लेकीला एकदम उमगलं की झाकणांखाली बसवायच्या रबरी कड्या बशीतच राहून गेल्या होत्या, आणि बशी तिने घासून टाकली होती.

काकांचा चेहरा फार गंभीर होता. रॅकवर ठेवल्यावर गळायला लागली, ते म्हणाले. मंडळी भोवती जमली, पण स्क्रूड्रायव्हर कुणी हातात घेईना. उघडली आणि इन्स्पेक्टरची सेटिंग मोडली तर? कुठलं तेल, किती तेल, कुणालाच माहीत नाही. तेव्हा क्लबने आत्ताच एकमताने ठरवलं, की सभासदांपैकी कुणी या गाडीला हात लावायचा नाही. घरच्या माणसांनी त्याला काम करताना बघितलेलं असतं. त्यांनीच ती घरी न्यावी, होती तशी करावी आणि परत आणावी. गाडी अर्थात क्लबचीच.

आईने गाडी हातात घेतली. चष्मा नाकावर खाली ओढला, गाडी एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून फिरवून बघितली, आणि बाहीचा कुठला टाका सुटलाय ते बघावं तसं नळीवर बोट फिरवलं.

“कधीपर्यंत हवीय?”

“पुढच्या रविवारपर्यंत झाली तर...”

“पुढच्या रविवारी नाही व्हायची,” आई म्हणाली. “बारीक काम आहे. हातात दुसरीही कामं आहेत. तुम्ही मधून एखादी चक्कर मारा, मग सांगते.”

दोन्ही मुलं दुकानाच्या काउंटरमागे लहानाची मोठी झाली होती. हा स्वर त्यांच्या ओळखीचा होता. त्या स्वरात ठेवून घेतलेल्या ब्लाउजांतले काही अजून दुकानाच्या कपाटात होते आणि त्यांच्या मालकिणींच्या मुलींची लग्नं झाली होती. भावाने बहिणीकडे बघितलं नाही, बहिणीने भावाकडे बघितलं नाही.

काकांनी थोडा विचार केला. त्यांच्या तोंडावरचा गंभीरपणा तसाच होता, पण खांदे जरा सैल झाले.

“सावकाश होऊ द्या, वहिनी. घाई काही नाही. रॅकवरची जागा आम्ही रिकामी ठेवतो.”

“ठेवा,” आई म्हणाली, आणि गाडी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली.

तेल ठिपकत होतं. खाली वर्तमानपत्र अंथरू का, असं मुलाने विचारलं. तेलाचा डाग कापडावरून जात नाही, हे गिऱ्हाइकांना सांगण्यात आईचं सगळं आयुष्य गेलं होतं. तिने फडकं काढून बाजूला ठेवलं, गाडी आणखी जवळ ओढली आणि त्याला निघायला सांगितलं.